सिस्टरच्या खोलीचं दार

आत्या, त्या दिवशी वारं नव्हतं.

हे तुला सांगायची गरज नाही. तू खोलीत होतीस, मी नव्हतो. पण हॉस्पिटलात चाळीतल्या सगळ्या बायकांसमोर तू सांगितलंस की वारं येत होतं म्हणून दार तूच लोटून घेतलंस. मी पलंगाच्या पायथ्याशी एक्स-रेचं पाकीट धरून उभा होतो आणि काही बोललो नाही. मे महिन्यातला बुधवार होता. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे सकाळपासून हलले नव्हते, असं नंतर तिघांनी मला सांगितलं. मी तिघांना विचारलं होतं. एका माणसाच्या सांगण्यावर बातमी करायची नसते.

बावीस वर्षं मी पेपरच्या डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढतो. चूक छापून गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा असतो. त्याचे आमच्याकडे दोन नियम आहेत. खुलासा छोटा असावा आणि त्यात सबब नसावी. हा छोटा होणार नाही. दुसरा नियम पाळायचा प्रयत्न करतो.

डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून तिसरी खोली तुझी. तिचं दार पहाटे नळाला पाणी आलं की उघडायचं आणि रात्री जेवणं उरकून भांडी पालथी घातली की लागायचं. मधल्या वेळात ते बंद असल्याचं मला आठवत नाही. आई-बाबा गेल्यावर मी तुझ्याकडे राहिलो ती चौदा वर्षं धरून. दार मागे भिंतीला टेकवून त्याला तू एक लोखंडी वजन लावायचीस. पाच किलोचं, रेशनच्या बंद पडलेल्या दुकानातून उचलून आणलेलं. चाळीत सगळ्यांचीच दारं उघडी असतात, पण तुझं दार जास्त उघडं होतं. परळच्या हॉस्पिटलातली नर्सची नोकरी संपली तरी चाळीने तुला रिटायर होऊ दिलं नाही. बीपी बघायला, टाके दाखवायला, डॉक्टरने काय लिहिलंय ते समजून घ्यायला माणसं येत राहिली. येताना कुणी विचारायचं नाही. ‘सिस्टर’ म्हणायचं आणि आत यायचं.

आणि दिवसा दार लागलेलं असलं तर त्याचाही अर्थ ठरलेला होता. माणसं बाहेरगावी गेली आहेत, किंवा त्यांना कुणी नको आहे. अशा वेळी दार ढकलायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चाळीत वाढलेल्या कुणालाच ते शिकवावं लागत नाही. म्हणून मला ते माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

यंत्रं मी गेल्या दिवाळीनंतर आणली. त्याआधी आमच्या पुरवणीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर एक लेख आला होता आणि त्याला ‘दूर असूनही सोबत’ असा मथळा मी दिला होता. मथळा मला आवडला होता. माझ्या माहीमच्या घरून डिलाईल रोडला टॅक्सीने वीस मिनिटं लागतात. याला दूर म्हणत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चार वस्तू होत्या. मनगटावरचा पट्टा, छताच्या कोपऱ्यात बसवायची हालचाल टिपणारी डबी, दाराच्या चौकटीला चिकटवायची चकती आणि कॅमेरा. तू नव्या वस्तूंना बिचकणारी नव्हतीस. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र चाळीत सगळ्यांत आधी तू घेतलंस आणि व्हिडिओ कॉल करायला शेजारच्या विजूताईला तू शिकवलंस. त्यामुळे ‘म्हाताऱ्या माणसांना हे पटत नाही’ असं मी ऑफिसात सांगत होतो ते खरं नव्हतं. तुझे आक्षेप नेमके होते. मला उत्तरं देता येत नव्हती, म्हणून मी त्यांना हट्ट म्हणत होतो.

कॅमेरा तू पेटीतून बाहेर काढूच दिला नाहीस.

“माझ्याकडे बायका काय काय दाखवायला येतात. ते तुला बघायचंय?”

मी म्हणालो, मी कशाला बघेन.

“मग कोण बघणार?”

कुणीच नाही, नुसतं रेकॉर्ड होतं, असं मी सांगितलं. तू चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंस. “कुणीच बघणार नसेल तर लावायचा कशाला?”

कॅमेरा परत गेला. पट्टा मात्र तू घालून घेतलास. माझं मन राखायला घातलास हे तेव्हाही कळत होतं. पट्ट्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते पूर्ण झालंच नाही. तुझं म्हणणं असं होतं की वॉर्डात फेरीला गेलं की पेशंट डोळे किलकिले करून बघायचा, सिस्टर आली, आणि पुन्हा झोपायचा. आपल्याकडे कुणी बघतंय हे त्याला कळायचं. त्यातच त्याचं अर्धं दुखणं कमी व्हायचं. मी तुला फोनवरचा हिरवा ठिपका दाखवला. तू ठीक असलीस की तो हिरवा असतो, म्हटलं.

“तो तुला दिसतो. मला काय दिसतं?”

मी काहीतरी बोललो असेन. तू पुढे म्हणालीस ते जसंच्या तसं आठवतं. “बघत असशील तर फोन कर. फोन करणार नसशील तर बघू नको.”

तोवर मी रोज सकाळी साडेनऊला तुला फोन करायचो. दहा मिनिटं, कधी पंधरा. तू चाळीतलं सांगायचीस आणि मग आमचा पेपर उघडून पान तीनवरच्या चुका वाचून दाखवायचीस. एकदा एका बातमीत ‘सुमारे दोनशे’ आणि खालच्या ओळीत ‘एकशे ऐंशी’ असं गेलं होतं. तू विचारलंस, “नक्की किती? वॉर्डात आम्ही एकशे एक पॉइंट दोन ताप असला तर एकशे एक लिहीत नव्हतो.” लोक मला काटेकोर म्हणतात ते तुझ्या ताप-तक्त्यांमुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं वाटलं नव्हतं.

हिरवा ठिपका आला आणि साडेनऊचा फोन मागे पडला. बंद करायचा असं मी ठरवलं नव्हतं. सकाळी उठून ठिपका बघायचो, आणि तू ठीक आहेस हे कळल्यावर विचारायला काही उरत नसे.

पहिले काही आठवडे गमतीचेही होते. एका दुपारी तुझी नाडी एकदम एकशे बारा दिसली. मी मीटिंग सोडून बाहेर आलो आणि फोन लावला. तू शांतपणे म्हणालीस, “मला काही नाही रे. पट्टा विजूच्या हातात आहे. तिच्या सुनेचा आत्ताच फोन येऊन गेला.” मागून विजूताईचा आवाज आला, “त्याला म्हणावं, सुनेला पण एक पाठव. तोंडाला बांधायचा.” तुम्ही दोघी हसत राहिलात. मी रागावून फोन ठेवला आणि आत जाऊन ती गोष्ट सांगून सगळ्यांना हसवलं. तुझ्याबरोबर हसलो असतो तरी चाललं असतं.

मग दाराचं सुरू झालं. चकती मी फेब्रुवारीअखेर चौकटीला लावली. ती फ्लॅटसाठी बनवलेली होती. दार थोडा वेळ उघडं राहिलं की माझ्या फोनवर संदेश यायचा, ‘मुख्य प्रवेशद्वार उघडे आहे. कृपया तपासा.’ हे असलं मराठी मी पानावर जाऊ दिलं नसतं. पहिल्या दिवशी एकतीस वेळा आला. जागेवर असताना, मीटिंगमध्ये, पान छपाईला सोडताना. मी तुला दार लावून घ्यायला सांगितलं. तू म्हणालीस, दिवसाढवळ्या कसं लावू, लोक काय समजतील. मग म्हणालीस, पडदा लावते, दार राहू दे. मी समजावलं की यंत्राला पडदा कळत नाही. आठवडाभर हे चाललं. शेवटी मी फोनवर म्हणालो, “आत्या, तुझ्या दारामुळे मला काम करता येत नाही.”

 तू म्हणालीस, “बरं. लावते.”

ती सूचना बंद करायची सोय होती. सेटिंगमध्ये खाली, चौथ्या पानावर. मला ती नंतर दिसली, तू गेल्यावर. छापलेला प्रत्येक शब्द वाचायचा पगार मला मिळतो आणि ते पान मी वाचलं नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी मी स्वतः येऊन दाराला स्प्रिंगचा क्लोजर बसवला. कुणी आलं-गेलं की दार आपोआप मागे येऊन लागायचं. कडी लागायची नाही, नुसतं लोटलेलं राहायचं. लोखंडी वजन मी पलंगाखाली सरकवलं. तू स्टोव्हपाशी उभी राहून बघत होतीस. त्या दिवशी तू सोलकढी केली होतीस, मला आवडते म्हणून. मी जेवून निघालो तेव्हा दार माझ्या पाठीमागे लागलं आणि तुझं नेहमीचं “नीट जा रे” मला गॅलरीत ऐकू आलं नाही.

सोमवारपासून संदेश थांबले. मी डेस्कवर सांगितलं की आत्या शेवटी ऐकायला लागली.

तुझ्याकडे येणाऱ्यांची संख्या तेव्हापासून कमी झाली. हे मला अ‍ॅपमध्येच दिसत होतं. दार दिवसातून कितीदा उघडलं त्याची नोंद असते. क्लोजर बसवल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा वीसच्या वर असायचा. एप्रिलअखेर सहा, सात, कधी चार. मी त्या आकड्यांवरून तुला आता आराम मिळतोय असा अर्थ काढला. विजूताई सांगते की लोकांनी दुसरा अर्थ काढला. सिस्टर थकल्या, त्यांना आता कुणी नको असतं. काहींना वाटायचं, पुतण्याने माहीमला नेलं असेल. एप्रिल आणि मे तू त्या दहा बाय बाराच्या खोलीत पंख्याखाली, दार लावून काढलेस. तक्रार केली नाहीस. तक्रार माझ्यापर्यंत पोहोचावी म्हणून एकच गोष्ट करत राहिलीस आणि ती मला समजली होती. मी तिच्याकडे येतो.

तू पट्टा काढायला लागलीस. रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा, सकाळी साडेनऊला. पट्टा हातातून निघाला की मला संदेश यायचा, ‘परिधान उपकरण काढले आहे.’ पहिल्यांदा मी घाबरून फोन केला. तू लगेच उचललास. “अरे, पाण्यात हात घालायचा होता म्हणून काढला. चहा झाला तुझा?” पट्ट्याला पाण्याने काही होत नाही, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून तुझं म्हणणं मी खरं धरलं. दुसऱ्यांदाही केला. पाचव्या-सहाव्यांदा मी नुसतं “पट्टा घाल” म्हणून ठेवू लागलो. त्या फोनांची लांबी माझ्याकडे आहे. वीस सेकंद, अठरा, चौदा. साडेनऊ ही आपली जुनी वेळ आहे हे एप्रिलमध्येच माझ्या लक्षात आलं होतं. तुला बोलायचं असतं हे मला कळलं होतं. ते कळल्यावर मी फोन करायचा थांबलो. दहा मिनिटांत तू पट्टा परत घालायचीस आणि ठिपका पुन्हा हिरवा व्हायचा.

आता त्या बुधवारचा क्रम. सकाळी नऊ चौतीसला पट्टा काढल्याचा संदेश आला. मी घरी होतो, चहा पीत होतो, दुपारची पाळी होती. संदेश वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. दहा मिनिटांनी पट्टा परत आला नाही. मी बघितलं नाही. दहा पन्नासला बघितलं तेव्हा पट्ट्याचा ठिपका राखाडी होता, पण छताच्या डबीने तीन मिनिटांपूर्वी स्वयंपाकाच्या बाजूला हालचाल टिपली होती आणि खोलीचा ठिपका हिरवा होता. मी अंघोळीला गेलो. ती हालचाल मांजराची होती. मागच्या खिडकीतून येणारं, तू ज्याला दूध घालायचीस ते.

तू खरंच पाण्यात हात घालायला पट्टा काढला होतास. मोरीत कपडे धुवायला बसलीस, उठताना पाय सरकला आणि खुबा मोडला. कुठलं हाड गेलं ते तुला तिथेच कळलं असणार. हाका मारल्यास. दार लागलेलं होतं. बाहेर गॅलरीतून माणसं जात-येत होती. दार नुसतं लोटलेलं होतं, बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं, आणि एकानेही ढकललं नाही, कारण लोटलेलं दार ढकलायचं नसतं. दीडच्या सुमाराला विजूताई बांगड्याचं कालवण घेऊन आली. तिने दोनदा हाक मारली, परत फिरली, आतून मांजर ओरडलं म्हणून पुन्हा आली. तू ओल्या फरशीवर चार तास होतीस.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी चाळ भेटायला आली. विजूताई रडत होती. “सिस्टर, दार कशाला लावून घेत होता? उघडं असतं तर मी दहाला बघितलं असतं.”  बायकांतल्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. तू मान वळवलीस, माझ्याकडे नाही, तिच्याकडे. “वारं येत होतं गं. मीच लोटलं.”

नवव्या दिवशी न्यूमोनियाने तू गेलीस.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चाळीच्या पटांगणात मांडव घातला होता. वंदना झाली, मग मला बोलायला सांगितलं. मी आठ मिनिटं बोललो. जन्मगाव, नर्सिंगचं शिक्षण, नोकरीची वर्षं, वॉर्डांची नावं. एकही तपशील चुकला नाही. दाराचा उल्लेख केला नाही. माझ्यानंतर चाळीतले एक जुने काका बोलले. ते म्हणाले, सिस्टर शेवटी जरा एकलकोंड्या झाल्या होत्या, दार लावून बसायच्या, वय झालं की माणूस तसा होतो. मी पहिल्या रांगेत होतो. माईक माझ्या हाताच्या अंतरावर होता.

एवढ्यावर आवरता आलं असतं. मागच्या रविवारी खोली आवरायला आलो. विजूताई चहा घेऊन आली. तिने दार ढकललं, आत आली आणि दार तिच्या मागे लागलं. मी तिला सांगितलं. दार मी लावायला लावलं होतं, आत्याने नाही. तिला नको होतं.

ती पलंगावर बसली. “माहीत आहे.”

मी विचारलं, कसं.

“कसं म्हणजे? स्क्रू मारताना अख्ख्या मजल्याने बघितलं तुला. आणि सिस्टर काय वाऱ्याला घाबरणारी बाई होती?”

मग तू बोलली का नाहीस, असं मी तिला विचारलं. मांडवातही ती गप्प होती. विजूताईने कप माझ्या हातात दिला. “तिने बजावलं होतं. मिलिंदला कुणी काही बोलायचं नाही. त्याला कामाचा फार ताप असतो.” पुढे म्हणाली, “बोलायचं नाही म्हणाली म्हणून नाही बोलले. बाकी मनात काय यायचं ते येतंच.” मग ती खाली वाकली, पलंगाखालून ते वजन दोन्ही हातांनी ओढून काढलं, दार भिंतीला टेकवून त्याला लावलं आणि गेली.

म्हणजे वाऱ्याची गोष्ट कुणालाच खरी वाटली नव्हती. तू सांगितलीस, सगळ्यांनी मान डोलावली, आणि ती खरी समजून स्वतःला वाचवणारा मी एकटाच होतो. उघड्या दारात बसून हे लक्षात आल्यावर मला दुसरी गोष्ट आठवली. ती चाळीला माहीत नाही. ती तुझी-माझीच आहे, आणि या खुलाशाचं खरं कारण तीच आहे.

बायका भेटून गेल्या त्याच दुपारी तू मला विचारलंस, “काल सकाळी फोन केला होतास का रे?”

आवाजात तक्रार नव्हती. ताप विचारावा तसं विचारलंस. मी म्हणालो, “केला होता. तू उचलला नाहीस.”

तू माझ्याकडे बघितलंस. मग डोळे मिटून म्हणालीस, “पाण्याचा आवाज असेल.” आणि उशी जरा वर घ्यायला सांगितलीस.

रविवारी मी मोजलं. तुझा फोन पलंगावर उशीपाशी सापडला होता, आणि पलंगापासून मोरी आठ फूट आहे. चाळीत नळाला पाणी पहाटे येतं आणि साडेपाचला जातं. साडेनऊला मोरीत पिंपातलं पाणी असतं, आणि पडल्यावर तू ते घेतही नव्हतीस. खोलीत पंखा होता आणि नंतर मांजर. फोन वाजला असता तर तुला पहिल्या रिंगला ऐकू आला असता. चार तास तू तेच ऐकायचा प्रयत्न करत असणार. म्हणून मी हॉस्पिटलात उत्तर दिलं तेव्हा ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि दुसऱ्या माणसाने मला लगेच एक सबब काढून दिली. आधी वाऱ्याची, मग पाण्याची.

त्या दिवशी वारं नव्हतं, आत्या. पाण्याचा आवाजही नव्हता. मी फोन केला नव्हता.